अरबी आवृत्तीतला डावा हात

"जरा रशियन फील दे." हे वाक्य मी दुबईत इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी ते म्हणालं की त्याच्या हातातला कॉफीचा कप काढून घ्यावासा वाटतो. रशियन फील म्हणजे इथल्या गिऱ्हाइकांच्या लेखी लाल आणि काळा रंग, तिरक्या पट्ट्या, ठोकळ्यासारखी जाड अक्षरं आणि कुठेतरी एक आवळलेली मूठ. बर्गरच्या दुकानाला रशियन फील. जिमला रशियन फील. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या जाहिरात एजन्सीच्या ऑफिसखाली एक न्हावी आहे, त्याच्या काचेवरही मूठ आहे आणि मुठीत कात्री. मी रोज सकाळी त्या मुठीकडे बघत लिफ्टची वाट बघायचे आणि दिवस सुरू व्हायच्या आतच माझं डोकं तापायचं.

चीड येते, कारण ती चित्रं कुठून आली ते मला माहीत आहे. लहानपणी डोंबिवलीत आमचे वडील एक सोव्हिएत मासिक घ्यायचे. वाचायला नव्हे हो, शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालायला. स्वस्त होतं आणि कागद कसा गुळगुळीत, जाड, वर्षभर फाटायचा नाही. माझ्या गणिताच्या पुस्तकावर ट्रॅक्टरवर बसलेली एक हसरी बाई होती. त्या देशात सगळी माणसं सदानकदा हसत असतात अशी माझी समजूत होती. गणितात नापास व्हायची वेळ आली तरी ती बाई आपली हसतेच आहे.

पुढे मुंबईला आर्ट कॉलेजात गेले तेव्हा टायपोग्राफी शिकवणाऱ्या बाईंनी त्या हसऱ्या बाईच्या आधीची चित्रं दाखवली. शंभर वर्षांपूर्वीची, क्रांतीच्या आसपासची. पडद्यावर पांढरं वर्तुळ आणि त्यात घुसलेला लाल त्रिकोण. बाईंनी विचारलं, कोण जिंकतंय? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, लाल. आमच्यातल्या एकालाही रशियन येत नव्हतं, ते युद्ध कुणाचं कुणाशी होतं तेही ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, बास, आजचा तास संपला.

निम्म्या देशाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्या चित्रकारांनी असं काढलं. कागद नाही, शाई नाही, चित्रांचे ठसे करायला पैसा नाही. मग छापखान्यातल्या रेघा आणि ठोकळे घेतले आणि त्यांचंच चित्र केलं. फोटो कात्रीने कापून चिकटवले. स्टेन्सिल कापून पोस्टरं रंगवली आणि ओस पडलेल्या दुकानांच्या काचांमध्ये लावली, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला बातमी कळावी. आणि मग, ज्या सरकारसाठी हे सगळं केलं, त्याच सरकारने काही वर्षांनी त्यांना सांगितलं की पुरे झालं तुमचं तिरकं, आता हसरी माणसं काढा. काही गप्प बसले, काही तुरुंगात गेले. माझ्या गणिताच्या पुस्तकावरची बाई या लोकांची तोंडं बंद झाल्यानंतरची होती. हे कळलं तेव्हा मला त्या बाईचा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

हे सगळं मी माझ्या मुलीला सांगत आले. ती इथे दुबईशेजारच्या शारजात जन्मली, इथेच वाढली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींनाही त्यात काही विचित्र वाटत नाही. डिझाइन शिकायला हॉलंडला जायचं तिच्या डोक्यात पक्कं आहे. तिथल्या कॉलेजने मुलाखतीसाठी एक पोस्टर मागितलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट, शब्द फक्त एक. ती म्हणाली, मी तुझ्या रशियन लोकांसारखं करणार. मग एका दुपारी तिने मला खिडकीपाशी उभं केलं आणि माझ्या उजव्या हाताचे फोटो काढले. पोळ्या अर्ध्या राहिल्या होत्या, मी कुरकुरत होते.

तिने पाहिलेली गोष्ट आमच्या घराची होती. शारजातल्या अल मजाज भागात आमचा फ्लॅट खालिद लगूनच्या पाण्यासमोर होता. ती बालवाडीत होती तेव्हापासून आम्ही तिथे भाड्याने राहत होतो. एक दिवस नोटीस आली, मालकाला स्वतःला राहायचंय, घर रिकामं करा. केलं. शेवटच्या दिवशी किल्ली घ्यायला मालकाचा एजंट आला. मी किल्ली त्याच्या हातात दिली, थँक यू म्हटलं, आणि वर चिवड्याचा डबा दिला. आपल्याकडे कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत ना, म्हणून. मुलगी लिफ्टपाशी उभी होती, तिने ते पाहिलं. पुढे दोन महिन्यांत तोच फ्लॅट मोबाइलवर भाड्याला लागलेला दिसला, फोटोत आमचे पडद्यांचे दांडेसुद्धा तसेच. मालक तिथे एक दिवस राहिला नव्हता. आम्ही दोन गल्ल्या मागे आलो, आता खिडकीतून पार्किंग दिसतं.

पोस्टर झाल्यावर तिने मला खोलीत बोलावलं. सगळा कागद लाल. उजव्या वरच्या कोपऱ्यातून एक काळापांढरा हात तिरका खाली येतोय, मनगटाशी कात्रीने कापलेला. तळवा वर, त्यावर किल्ली. डाव्या बाजूला पांढऱ्या उभ्या पट्ट्या, म्हणजे टॉवर. आणि खाली, काळ्या कागदातून कापलेला, पडतोय की काय असा कललेला एकच शब्द: का? देवनागरीत. शाळेतला हिंदीचा विषय सुटल्यापासून या मुलीने देवनागरीत नावसुद्धा लिहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन पाहिलं. हात माझाच होता, अंगठ्याच्या मुळाशी तव्याचा डाग आणि लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली करंगळी. मी म्हटलं, हे त्या मालकाला पाठवायला हवं. ती कागदाचे तुकडे गोळा करत राहिली.

संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. अल मजाजमधल्या सगळ्या मराठी बायका होत्या, शिवाय दुबईहूनही काही जणी आल्या. आमच्या एजन्सीचे मालक आपल्या बायकोला घेऊन आले. ते पुण्याचे, माझ्याहून मोठे. ऑफिसात मी त्यांना सर म्हणायचे, घरी दादा, आणि माझी मुलगी काका. हॉलमध्ये बायका, म्हणून त्यांना चहा आणि तिळगुळाची वाटी देऊन मुलीच्या खोलीत बसवलं. अशा दिवशी पुरुषांना आत बसवायचंच असतं. बऱ्याच वेळाने बाहेर आले, म्हणाले, पोरगी हुशार आहे हं तुझी. मी केवढी फुलले, काय सांगू. त्यांना अजून दोन लाडू बांधून दिले.

फेब्रुवारीत त्यांनी मला एक फाइल पाठवली. दुबई मरीनात नवा टॉवर, गिऱ्हाईकं बरीचशी रशियन, म्हणून अर्थातच रशियन फील. कामाची मला काही कल्पना नव्हती, ते स्वतः बघत होते. सोबत निरोप होता, अरेबिक व्हर्जनमधला हात क्लायंटला खटकतोय, डावा दिसतोय म्हणतात, कुणाचा तरी उजवा हात शूट करून लाव, उद्या मीटिंग आहे, यल्ला, म्हणजे चल, आटप.

इथे प्रत्येक जाहिरात दोनदा होते, एकदा इंग्रजी, एकदा अरबी. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटी करायची. पण फोटो उलटा करायचा नाही, हा इथला पहिला धडा. नाहीतर शर्टाची बटणं चुकीच्या बाजूला जातात, गाडीचं स्टिअरिंग पलीकडे जातं, आणि माणूस डाव्या हाताने वस्तू देतो. डाव्या हाताने देणं अरबांनाही चालत नाही, आपल्यालाही नाही. नवशिका पोरगासुद्धा ही चूक करत नाही. करायची वेळ एकाच माणसावर येते, ज्याच्याकडे मूळ फाइलच नाही, नुसता सपाट फोटो आहे. मी फाइल उघडता उघडता हसले, म्हटलं कुणाचं हे दिव्य.

मग मी हात पाहिला. डावा हात, अंगठ्याच्या मुळाशी डाग. मी माझा डावा हात टेबलावर ठेवून पाहिला, त्यावर काही नव्हतं. फाइल आरशात फिरवावी तशी परत उलटी केली. उजवा हात झाला. वाकडी करंगळी, तव्याचा डाग, किल्ली. लाल कागद, पांढरे टॉवर. फक्त "का?" गेला होता, आणि सोबतच्या इंग्रजी आवृत्तीत त्या जागी "आता तुमचं" अशा अर्थाची एक भिकार ओळ होती. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या खुर्चीत कळलं. माझ्या घरात बसून, माझ्या हातचा तिळगूळ खात, या माणसाने माझ्या पोरीच्या भिंतीवरच्या पोस्टरचा मोबाइलवर फोटो काढला होता.

मी केबिनमध्ये गेले. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही, हे मला सर्वांत जास्त लागलं. खुर्चीत रेलून समजावू लागले. अगं, आपल्याच पोरीचं आहे म्हणून तर घेतलं, बाहेरचं असतं तर विचारलं असतं. आणि तिने तरी काय नवीन केलंय, हे सगळं शंभर वर्षं जुनं, तिने रशियनांचं उचललं, मी तिचं उचललं, कलेत असंच असतं. ते लोक तर म्हणायचे की चित्र सगळ्यांचं, सही कशाला हवी. तूच सांगायचीस ना हे ऑफिसात? वर म्हणाले, होर्डिंग लागलं की तिला दाखव, खूश होईल.

मी म्हटलं, "ते लोक भुकेल्या गावांच्या रिकाम्या दुकानांत चित्रं लावायचे, सर. तुम्ही माझ्या पोरीचं गेलेलं घर वापरून फ्लॅट विकताय." ते म्हणाले, इमोशनल होऊ नकोस, उजवा हात शूट करून घे.

होर्डिंग त्याच आठवड्यात हायवेवर लागणार होतं, आणि मुलीची मुलाखत पुढच्या आठवड्यात. कॉलेजमधल्या कुणी ते पाहिलं, नुसतं मोबाइलवर पाहिलं, तरी काय समजणार? एवढ्या मोठ्या कंपनीने अठरा वर्षांच्या पोरीची नक्कल केली, की पोरीने कंपनीची? कुणीही सांगेल. तिचं स्वतःचं पोस्टर तिच्याच अंगावर चोरी म्हणून येणार होतं.

संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं आदळआपट करेल, रडेल. ती उठली, पोर्टफोलिओतून ते पोस्टर काढलं आणि पलंगाखाली सरकवलं. इंग्रजीत म्हणाली, ठीक आहे आई, माझ्याकडे दुसरी आहेत, काकांशी भांडू नको, तुझी नोकरी जाईल. नवराही म्हणाला, जरा सबुरीने घे, तुझी नोकरी गेली तरी व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, म्हणून काय झालं, माणसं तीच आहेत इथे, रोज तोंडं बघायची आहेत. मी त्याच्यावर डाफरले. पण खरा राग आला तो तिचा. इतक्या सहज? असं मुकाट्याने कागद गुंडाळून द्यायला हिला शिकवलं कुणी? हे मी स्वयंपाकघरात भांडी आपटत मोठ्याने विचारलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मरीनाच्या सेल्स ऑफिसात मीटिंग. खाली बोटी, समोर टॉवरचं पांढरंशुभ्र मॉडेल. क्लायंटकडची मार्केटिंगची प्रमुख एक रशियन बाई होती, माझ्याच वयाची, बोलायला कमी. तोवर चित्र तिच्या हाताखालच्यांनीच पाहिलं होतं, ती आज पहिल्यांदा बघत होती. मी हात शूट केलाच नव्हता. सरांना गाडीत खोटं सांगितलं की केलाय. पडद्यावर चित्र आलं ते जसंच्या तसं, आधी इंग्रजी, मग अरबी. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता मला खायलाच उठणार.

ती रशियन बाई मात्र पडद्याजवळ गेली. अरबी आवृत्तीकडे तिने लक्षही दिलं नाही, इंग्रजीच बघत राहिली. म्हणाली, हे ज्याने केलंय त्याने आमची जुनी माणसं नीट पाहिली आहेत, आमच्याकडे शाळेत शिकवतात ही. पण तुम्ही ते चुकीच्या जागी लावलंय. हा हात किल्ली घेत नाहीये. मनगट बघा, बोटं बघा. हा हात किल्ली परत देतोय, आणि त्याला द्यायची नाहीये. असा हात दाखवून मी घर कसं विकू?

तिला मराठी येत नव्हतं. "का?" तिने पाहिलाच नव्हता, तो पुसलेला होता. तरी तिला सगळं कळलं होतं. मला आमच्या बाईंचा तो वर्ग आठवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच.

तिने विचारलं, हात कुणाचा आहे, परवानगी घेतली आहे ना? सर म्हणाले, स्टॉक फोटो आहे, विकत घेतलाय. तेव्हा मी उठले, पडद्यापाशी गेले आणि माझा उजवा हात त्या हातावर ठेवला. डाग डागाशी, करंगळी करंगळीशी. मी म्हटलं, "हात माझा आहे. चित्र माझ्या मुलीचं आहे. आम्हा दोघींनाही कुणी विचारलेलं नाही."

सर हसायला लागले, म्हणाले, फॅमिलीच आहे आमची, आपसातलं आहे. त्या बाईने लॅपटॉप मिटला. म्हणाली, खलास, हे चित्र आम्ही वापरणार नाही, आणि मग मला विचारलं, मुलगी किती वर्षांची आहे. मी सांगितलं. ती नुसती मान हलवत राहिली.

लिफ्टमध्ये सर पांढरे पडले होते. म्हणाले, "घरातलं होतं, घरात मिटलं असतं. चार लोकांत काढलंस." मी म्हटलं, "घरात आला होतात की, दादा. तेव्हाच विचारलं असतंत, तर मिटवायला काही उरलंच नसतं." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. माझा नोटीस पिरियड चालू आहे. वहिनींनी मला हळदीकुंकवाच्या ग्रुपमधून काढून टाकलं. इथल्या मराठी मंडळात दोन तट पडलेत, आणि जास्त बायका त्यांच्याकडे आहेत, कारण गणपतीचा हॉल ते मिळवून देतात. जाऊ दे. मला त्याचं काही नाही. म्हणजे आहे, पण ते मी त्यांना कळू देणार नाही.

त्या दिवशी घरी आले ती जिंकल्यासारखी. मुलीला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, हात कसा ठेवला ते भिंतीवर करूनही दाखवलं. तिने ऐकून घेतलं. पलंगाखालून पोस्टर काढलं, धूळ पुसली, परत पोर्टफोलिओत ठेवलं. थँक यू नाही, मिठी नाही. मला वाईट वाटलं. एवढी नोकरी घालवून आले आणि या पोरीच्या तोंडून शब्द नाही, म्हणजे काय म्हणावं. रात्रभर तोंड फुगवून होते.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. ती हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात कणीक मळत. दार ओढून घ्यायचं ठरलं होतं, मी थोडं उघडं ठेवलं. बाकीच्या कामाबद्दल बोलणं झालं, मग ते लाल पोस्टरवर आले. पलीकडच्या माणसाने विचारलं, हा शब्द काय आहे? तिने अर्थ सांगितला. त्याने विचारलं, म्हणजे हा प्रश्न घरमालकाला आहे?

ती इंग्रजीत म्हणाली, "नाही. घरमालकाला काय विचारायचं, त्याला पैसे हवे होते. हा प्रश्न माझ्या आईला आहे. त्या दिवशी तिला इतका राग आला होता की सकाळपासून ती सामानाची खोकी आपटत होती. आणि तिने त्या माणसाला थँक यू म्हटलं आणि खाऊ दिला. मी लिफ्टपाशी उभी होते. मला फक्त विचारायचं होतं, का?"

मग त्याने हसून विचारलं, आईने उत्तर दिलं का?

"गेल्या आठवड्यात दिलं," ती म्हणाली. "पण ते काकांना. मला नाही."

मी तशीच उभी राहिले. एवढे दिवस मी तो शब्द त्या मालकाच्या तोंडावर फेकत होते, मनातल्या मनात, रोज. मीटिंगमध्येसुद्धा. हात माझा, हे मी भर सभेत सांगून आले होते, आणि माझ्या हाताखाली लिहिलेला प्रश्न मलाच विचारलेला आहे हे मला दिसलं नव्हतं. त्या रशियन बाईला शब्दाशिवाय दिसलं होतं. मला माझा भयंकर राग आला. मी कणीक तशीच टाकली, हात धुतले आणि तिचा कॉल संपायची वाट बघत दारापाशी स्टूल ओढून बसले.